मासाक्र: कत्तल की हत्याकांड?

प्रश्न असा: फ्रान्समधल्या कॅथलिक-प्रॉटेस्टंट यादवीच्या एका जुन्या छापील चित्रावर ‘मासाक्र’ (फ्रेंच massacre) लिहिलंय. मराठी मथळ्यात काय लिहावं, हत्याकांड की कत्तल?

कत्तल. एका माणसाचा खून झाला तरी वाहिन्यांवर पट्टी फिरते, ‘अमुक हत्याकांड’. खुनाला खून म्हणायला काय पैसे पडतात? वापरून वापरून शब्द पार पातळ केलाय. आणि ‘कत्तल’ अरबी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आधी ‘खून’ कुठून आला ते बघावं.

खरी गंमत पुढेच आहे. जुन्या फ्रेंचमध्ये ‘मासाक्र’ म्हणजे खाटिकखाना! शब्द जनावरांकडून माणसांकडे आला. आपली ‘कत्तल’ नेमकी उलटी गेली: अरबीत माणूस मारणं, मराठीत येऊन कत्तलखाना, आता तर झाडांचीही कत्तल. दोन शब्द वाटेत एकमेकांना भेटले असते तर! ‘मासाक्र’च्या मागे काय, यावर कोशकार ‘व्युत्पत्ती अनिश्चित’ म्हणून हात झटकतात. झटकू देत. लॅटिन ‘माकेल्लुम’, म्हणजे मांसबाजार, समोर दिसत असताना मी तरी तो सोडणार नाही.

हा शब्द लोकांच्या तोंडी रुळवण्यात छापील चित्रांचा हात मोठा, असं माझं मत. तोर्तोरेल आणि पेरिसां या चित्रकारांनी 1570च्या सुमारास जिनिव्हात अशा चित्रांची मालिकाच छापली. त्यातलं तुमचंच, वासीचं (नवी मुंबईतलं नव्हे, फ्रान्समधलं) चित्र बघा. प्रॉटेस्टंटांची प्रार्थना चाललेल्या कोठारात गीझचा ड्यूक या कॅथलिक सरदाराची माणसं घुसली आहेत, लोक छप्पर फोडून वर चढताहेत आणि खालून बंदुकवाले त्यांना पाखरांसारखे टिपताहेत. जागोजागी अक्षरं कोरलीत. खाली त्या-त्या अक्षरापुढे खुलासा.

मालिका काढणारे प्रॉटेस्टंट, तेव्हा ‘मासाक्र’ हा त्यांनी कॅथलिकांना मारलेला शिक्का, असं ठामपणे सांगणारे विद्वान भेटतात. त्यांनी याच मालिकेतलं नीम या फ्रेंच शहराचं चित्र पाहिलेलं नसावं. 1567मध्ये तिथे प्रॉटेस्टंटांनी कॅथलिकांना मारून विहिरीत टाकलं. त्या चित्रावरही शब्द तोच, मासाक्र.

हां, तुमचा मथळा राहिलाच. ‘वासीची कत्तल, 1 मार्च 1562’. तारीख गाळू नका, मूळ चित्रावरही ती आहे.