तामागोझाके: साकेचं झाके कसं झालं, आणि 'अंड्याची दारू' म्हणायचं का?

प्रश्न असा आहे की एका जपानी रेसिपीत सर्दी झाल्यावर 'तामागोझाके' प्यायला सांगितलंय पण सामानात नुसती 'साके' लिहिलीये, मग झाके ही वेगळी दारू आहे का, आणि मराठीत याला 'अंड्याची दारू' म्हटलं तर चालेल का.

वेगळी नाही हो, तीच ती. तामागो म्हणजे अंडं. दोन शब्द चिकटले की जपानीत पुष्कळदा दुसऱ्या शब्दाचं पहिलं व्यंजन मऊ पडतं, स चा झ, क चा ग, त चा द असं, त्याला रेंदाकू म्हणतात. तुम्ही हे आधीच ऐकलेलं आहे फक्त लक्ष गेलं नसेल: ओरी म्हणजे घडी, कामी म्हणजे कागद, आणि जोडून ओरिगामी. सुशीचं माकीझुशी होतं तेही तसंच. इझाकाया म्हणतात ना, बसून प्यायची जागा, त्यातलं 'झाका' पण साकेच आहे.

मग कामिकाझेचं (देवाचा वारा, इथला कामी म्हणजे देव, कागद नव्हे) कामिगाझे का नाही झालं? कारण 'काझे' (वारा) मध्ये आधीच एक झ बसलाय, आणि शब्दात असा एक मऊ वर्ण असला की सहसा दुसरा येऊ देत नाहीत. याला लायमनचा नियम म्हणतात. हा लायमन अमेरिकन, 1870 च्या दशकात जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर खनिजांची पाहणी करायला गेलेला माणूस, आणि 1894 मध्ये लेख लिहिला तो या व्यंजनांवर! आपल्याकडे वाक् + ईश = वागीश, जगत् + ईश = जगदीश होतं तशातलाच प्रकार, फक्त आपल्याकडे पहिल्या शब्दाचं शेपूट मऊ होतं आणि त्यांच्याकडे दुसऱ्याचं तोंड. शिवाय आपली संधी नियम लागला की लागलाच, रेंदाकू कधी होतं कधी नाही, पाठच करावं लागतं.

लिहिताना झ की ज? मी झ लिहितो कारण तशी पद्धत पडलीये, पण खरं सांगायचं तर 'जाड', 'जाळ' मधला आपला दंत्य ज या उच्चाराला जास्त जवळचा आहे, झ मधला हकार तिथे नाहीच. अडचण एवढीच की 'तामागोजाके' लिहिलं की अर्धे लोक 'जीव' मधला ज वाचणार. आणि कृपा करून 'साकी' लिहू नका, साकी गझलेत असते आणि ती ओतून देते, साके म्हणजे जे ओतलं जातं ते :)

आता दारूचं. आपण साके म्हणजे ती तांदळाची, साधारण 15 टक्केवाली, असं धरून चालतो, पण जपानीत साके हा शब्द कुठल्याही दारूला चालतो, बिअरलासुद्धा. तांदळाचीच असं नेमकं सांगायचं तर निहोन्शू म्हणतात, म्हणजे 'जपानची दारू'. त्यामुळे 'अंड्याची दारू' हे भाषांतर शब्दाला शब्द बरोबर आहे, फक्त मराठीत ते मोहाची दारू, काजूची दारू यांच्या रांगेत जाऊन बसतं आणि वाटतं की अंडीच आंबवली की काय. 'अंडं घातलेली गरम साके' म्हणा, किंवा सरळ तामागोझाके.

पण 'दारू'ला नाक मुरडू नका. फारसीत दारू म्हणजे औषध, आपल्या 'दवादारू'त तोच जुना अर्थ अजून शिल्लक आहे. तामागोझाके हे नेमकं त्याच अर्थाने दारू, थंडीत नाक चोंदलं की घरात करून प्यायचं आणि पांघरूण घेऊन झोपायचं. हायकूत तर हा शब्द आला की ऋतू हिवाळा समजायचा.

करायची असेल तर शब्द एकच सांभाळा: धार. एक अंडं आणि चमचाभर साखर (मध पण चालेल) भांड्यात नीट फेटून ठेवा, 180 मिली साके वेगळी तापवा, पार उकळी नको, कडेला बुडबुडे आले की बंद. मग साकेची बारीक धार अंड्यात, एका हाताने सारखं ढवळत, वरून आल्याचा रस. मी पहिल्यांदा उलटं केलं होतं, कढत साकेत अंडं सोडलं, आणि कपात पिवळ्या चिंध्या तरंगायला लागल्या, चायनीज सूप बरं. सर्दीची गोळी घेतली असेल तर मात्र राहू द्या, तापवल्याने सगळं अल्कोहोल उडून जात नाही. मुलांना तर नाहीच, त्यांच्यासाठी आमाझाके असते (आमाइ म्हणजे गोड, आणि परत तोच झ), तीसुद्धा कोजी (तांदळावर वाढवलेली बुरशी) लावून केलेली, साकेच्या चोथ्याची नाही, चोथ्यात थोडी दारू उरलेली असते.

आणि लिंग विचाराल तर स्त्रीलिंगीच. बिअर, वाइन, व्हिस्की सगळ्या आपल्याकडे 'ती' आहेत, मग साके तरी कशाला 'तो' होईल.