युकेत तपासणी फुकट आहे, पण पत्र कुठल्या पत्त्यावर येतं ते बघा

तुम्ही विचारलंय की मिस्टरांना मँचेस्टरला आयटीत जॉब लागलाय, तुम्ही ४२ वर्षांच्या, मिस्टर ४६ चे, पुण्यात कंपनीकडून दरवर्षी फुल बॉडी चेकअप होतो, तर तिकडे ते मिळेल का की सगळं इथूनच करून जावं.

मी लेस्टरला नऊ वर्षं आहे. सरळ सांगते, आपल्याकडचं ते सत्तर टेस्टचं पॅकेज एनएचएसमध्ये (इथली सरकारी आरोग्यसेवा) नसतं. इथे वयानुसार ठराविक तपासण्या असतात आणि त्यांचं बोलावणं येतं. तुम्हाला २५ ते ६४ मधली गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी म्हणजे स्मिअर, मॅमोग्राम (स्तनांचा एक्स-रे) पन्नाशीनंतर दर ३ वर्षांनी, आणि दोघांनाही ५० झाले की दर २ वर्षांनी आतड्याच्या कॅन्सरसाठी घरी किट. शिवाय ४० ते ७४ मध्ये ५ वर्षांतून एकदा हेल्थ चेक, बीपी कोलेस्टेरॉल वगैरे, ते डायबेटिस किंवा हार्टचा त्रास आधीपासून असेल तर नाही कारण मग तुमची तपासणी वेगळी चालूच असते. याचं बोलावणं आपोआप येईलच असं धरू नका, जीपीकडे (आपल्या फॅमिली डॉक्टरसारखा) जाऊन स्वतः विचारा. हे सगळं फुकट, म्हणजे फुकट कसलं, व्हिसाबरोबर माणशी वर्षाला १०३५ पाउंड हेल्थ सरचार्ज आधीच भरून घेतात, ५ वर्षांचा व्हिसा म्हणजे एकेकाचे ५१७५. भरलेत तर वापरा.

आता मला खरं सांगायचंय ते हे की फुकट असूनसुद्धा कोण जातं आणि कोण नाही हे नोकरीवर आणि घरावर ठरतं. आपले लोक लगेच म्हणतात जागरूकता नाही हो. मला हे ऐकलं की राग येतो.

मी आले तेव्हा एजन्सीतर्फे वेअरहाऊसमध्ये होते, सकाळी ६ ते २, उद्या काम आहे की नाही याचा मेसेज आदल्या रात्री यायचा. स्मिअरचं पत्र आलं. अपॉइंटमेंटसाठी सर्जरीत (इथे जीपीच्या दवाखान्याला सर्जरी म्हणतात, घाबरू नका) बरोबर ८ वाजता फोन लावायचा, सव्वाआठपर्यंत सगळं संपतं, आणि ८ वाजता माझा फोन लॉकरमध्ये, कारण आत फोन न्यायला बंदी. ब्रेक १० ला. बरं, लागला असता तरी नर्स फक्त सकाळी, म्हणजे एक दिवसाचा पगार गेला, कारण डॉक्टरकडे जायला पगारी सुट्टी द्यायलाच हवी असा कायदा नाही, आणि दोनदा नाही म्हटलं की एजन्सीचा मेसेज यायचाच बंद होतो. दीड वर्षात तीन भाड्याच्या खोल्या बदलल्या, नंतरची रिमाइंडरं जुन्या पत्त्यावर जाऊन पडली असणार. मग अकाउंट्सचा ऑफिस जॉब लागला, मॅनेजरला सांगितलं अपॉइंटमेंट आहे, तो ऑफ कोर्स म्हणाला, अकरा वाजता जाऊन साडेअकराला परत, एक पेनी कापली नाही. माझं एमकॉम तेव्हाही होतंच की! जागरूकता तेवढीच, फक्त लॉकर गेला.

किटचं पण तेच. त्याला ना अपॉइंटमेंट लागते ना पोस्टाचा खर्च, छोटी बाटली असते, झाकणाला काडी, ती शौचाला टेकवून परत बंद करायची आणि पाकीट पोस्टात टाकायचं. तरी इंग्लंडात २००६ ला ही तपासणी सुरू झाली (तेव्हाचं किट जरा किचकट होतं, कबूल) त्या पहिल्या अडीचेक वर्षांत सगळ्यात गरीब भागांत शंभरात ३५ जणांनी भाग घेतला, सगळ्यात सधन भागांत ६१. पाच भाडेकरूंत एक बाथरूम असेल तर ते किट ठेवायचं कुठे आणि करायचं कधी हे विचार करून बघा. आमच्या शेजारच्या गुजराती मासी, ६३ वर्षांच्या, पॅकिंगच्या कामावर जातात, त्यांचं किट चार महिने टेकअवेच्या मेनूकार्डांखाली ड्रॉवरमध्ये. सुनेला वाचून दाखव म्हणायची लाज, मुलाला तर त्याहून. शेवटी मी त्यांच्याबरोबर किचनमध्ये बसून चित्रं बघत समजावलं, पाच मिनिटं लागली. सगळं ठीक आलं, आता दर वेळी मलाच हाक मारतात.

आणि भारतात फार वेगळं आहे असं नाही बरं का. तुमचा चेकअप कंपनी करते म्हणून होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांत गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या शंभरात दोनही नव्हत्या.

तर तुम्ही आल्या आल्या जीपी रजिस्ट्रेशन करा, आजारी पडायची वाट बघू नका, कारण बोलावणी त्याच यादीवरून जातात. काउंटरवर लाइट बिल मागतील, ते घरमालकाच्या नावावर असतं, मला एकीने परत पाठवलं होतं, पण नियमाने पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसा दाखवल्याशिवायही नाव घ्यावं लागतं, शांतपणे पण ठामपणे सांगा. घर बदललं की बँकेच्या आधी जीपीला पत्ता कळवा. मिस्टरांचं काय, आयटीवाल्यांना वेळ मिळतो पण पत्र फ्रिजवर लावून विसरतात, आमच्याकडचा अनुभव. जॉब तुम्हालाही करायचा असेल आणि सुरुवातीला शिफ्टचाच मिळाला तर संध्याकाळी किंवा शनिवारी स्मिअर होते का विचारा, बऱ्याच ठिकाणी होते, फक्त पत्रात लिहिलेलं नसतं.

पुण्यातली शेवटची स्मिअर कधी झाली त्याचा रिपोर्ट घेऊन या, नर्स विचारतेच. जुलै २०२५ पासून इंग्लंडात ५० च्या आतल्यांना एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू) निगेटिव्ह असेल तर ३ ऐवजी ५ वर्षांनी बोलावतात, पण तो ५ वर्षांचा हिशोब इथल्या टेस्टपासून. बाकी सत्तर टेस्टची फाईल आणली तरी हरकत नाही, पण सामानात त्या जागी मसाले बसतील.