सगळ्यांना सारखं शिकवायचं की वेगवेगळं?

प्रश्न : आमच्या चौथीच्या वर्गात २८ लेकरं आहेत. बऱ्याच जणांचे आईवडील दिवाळीच्या आसपास कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातात, लेकरं उन्हाळ्यात परत येतात. सगळ्यांना एकच शिकवलं तर ही मागे पडतात. वेगळे गट केले तर पालक म्हणतात, गुरुजी भेदभाव करतात. काय करावं?
– एक शिक्षक, गेवराई तालुका

उत्तर : सर, गट जरूर करा, पण रोज एकच तास आणि फक्त वाचन-गणितासाठी. बाकी दिवसभर सगळे एकत्रच बसू द्या. आधी एकेकाला जवळ बसवून तपासा : अक्षर ओळखतं का, शब्द वाचतं का, मग चार ओळींचा परिच्छेद, मग छोटी गोष्ट. एकाला तीन-चार मिनिटं पुरतात. जिथे अडलं, तो त्याचा गट. दर चार आठवड्यांनी पुन्हा तपासा आणि लेकरं वरच्या गटात हलवा. नेमकं हेच राहून जातं. खालच्या गटातलं लेकरू वर्ष सरलं तरी तिथेच बसलेलं असेल, तर पालकांचं म्हणणं खरंच आहे. मागच्या गटाला फळ्यावरचं उतरवायला लावून पुढच्यांना शिकवत बसणं हीसुद्धा नेहमीची चूक. तुमचा जास्त वेळ मागच्यांना हवा.

गणितात उत्तराइतकीच रीतही बघा. ५२ वजा २७ चं उत्तर ३५ आलं, तर लेकरू 'ढ' नाही. त्याने प्रत्येक घरात मोठ्या आकड्यातून लहान काढला : सातातून दोन, पाचातून दोन. त्याला तुराटीच्या काड्या द्या, दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. दोनातून सात निघत नाहीत हे दिसलं की एक गठ्ठा त्यालाच सोडू द्या. तुम्ही सोडून दाखवलात तर ते पुढच्या गणितात पुन्हा तिथेच अडतं. आठवडी बाजारात आईजवळ बसणारी मुलगी हेच गणित वेगळं करेल : २७ ला ३ मिळवून ३०, पुढे २०, वर २, झाले २५. ही रीत खोडू नका. फळ्यावर दोन्ही रीती शेजारी मांडा आणि तिलाच समजावून सांगू द्या. वजाबाकी सगळ्यांना यायलाच हवी, रीत ज्याची त्याची असू दे.

पालकांना त्यांच्याच लेकराची पहिली आणि आताची नोंद दाखवा. शाळा सुटलेलं लेकरू वयानुसार वर्गात बसवलं, तर इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी त्याला विशेष प्रशिक्षणाचा हक्क आहे, असं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ४ सांगतं.

प्रश्न : नात पहिलीत आहे, डावखुरी. आत्ताच उजव्या हाताची सवय लावली तर सगळ्यांसारखं लिहील, असं मला वाटतं. सून नको म्हणते.
– एक आजी, उदगीर

उत्तर : आजी, सुनेचं ऐका. दहात साधारण एक माणूस डावखुरा असतो. जबरदस्तीने हात बदलला की वेग मंदावतो, अक्षर बिघडतं आणि लेकरू लिहायचाच कंटाळा करतं. बाईंना सांगून तिला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, म्हणजे शेजारणीचा कोपर लागणार नाही. वही अंगासमोरून थोडी डावीकडे, वरची कड उजवीकडे कललेली ठेवा. पेन्सिल टोकापासून तीनेक सेंटिमीटरवर धरू द्या, नाहीतर लिहिलेलं बोटांआड जातं. मनगट ओळीच्या खाली राहू द्या. ते वर वाकवायची सवय लागली की शाई फरफटते आणि हात दुखतो. कात्री डावखुऱ्यांची वेगळी मिळते, तीच घ्या. साध्या कात्रीची पाती तिच्या हातात फाकतात, कागद नुसता दुमडतो.

प्रश्न : तांड्यावरची बंजारा मुलं वर्गात त्यांची घरची बोली, गोरमाटी बोलतात. 'वर्गात फक्त मराठी' हा नियम सर्वांना सारखा लावावा का?
– एक शिक्षिका, किनवट

उत्तर : नको, बाई. घरी मराठी बोलणाऱ्याला तो पाळायला काहीच कष्ट नाहीत. तांड्यावरचं लेकरू मात्र गप्प होतं. पहिली-दुसरीत उत्तर गोरमाटीत आलं तरी बरोबर धरा, मग तेच मराठीत म्हणवून घ्या. याडी म्हणजे आई, बाटी म्हणजे भाकरी, अशा ४०-५० शब्दांचा तक्ता मुलांकडूनच करून घ्या आणि बाकीच्या मुलांनाही ते शब्द शिकवा. लेखी मराठीत मात्र ढिलाई नको; शिष्यवृत्ती परीक्षेला या मुलांनाही बसायचं आहे.