‘तो आत आहे, पण कशासाठी?’

“मॅडम, कुठल्या जेलमध्ये आहे ते सांगतात. कशासाठी, ते कोणी सांगत नाही.” कैद्यांच्या आया, बहिणी, बायका हे पुन्हा पुन्हा विचारतात, म्हणून हे लिहिते आहे.

एका ताईंचा भाऊ येरवड्यात कच्चा कैदी होता, म्हणजे खटल्याचा निकाल लागायचा होता. वडील म्हणायचे, “मारामारी झाली, सुटेल.” ताईंच्या कानावर ‘कलम १०९’ आलं होतं. मोबाइलवर शोधलं तर चिथावणीचं कलम निघालं. म्हणजे त्याने स्वतः हात उचलला नाही, असा धीर धरून त्या बसल्या होत्या.

“कुठल्या कायद्याचं १०९?” मी विचारलं.

जुन्या दंड संहितेत १०९ म्हणजे चिथावणी, अर्थात अपप्रेरणा. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत तेच १०९ खुनाच्या प्रयत्नाचं. घटनेची तारीख कळल्याशिवाय नुसत्या आकड्यावर विसंबू नका.

पोलीस ठाणं, गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष, एवढं आधी मिळवा. त्यावर महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर एफआयआर शोधता येतो. लैंगिक अत्याचार, पोक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचारांचा कायदा) अशा गुन्ह्यांचे एफआयआर तिथे टाकत नाहीत, त्यामुळे सापडला नाही म्हणजे गुन्हाच नाही असं समजू नका. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या वेबसाइटवर नावानेही शोधता येतं, पण इंग्रजी स्पेलिंग बदलून बदलून पाहावं लागतं. खटला सापडला की १६ अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक (त्या खटल्याची कोर्टातली ओळख) आणि पुढची तारीख वहीत लिहून ठेवा. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकिलाचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो.

ताईंनी एफआयआर मिळवला, पण घडी उघडेनात. पर्समधून काढायच्या, परत ठेवायच्या.

“वाचलं तर त्याला तोडावं लागेल हो मला.”

“वाचणं हा एक निर्णय. त्याच्याशी नातं ठेवायचं की नाही, हा वेगळा. आज फक्त वाचू.”

त्यांनी मोठ्याने वाचायला घेतलं. ‘लोखंडी रॉडने डोक्यात’ इथे आवाज बसला. बराच वेळ गेला. मग म्हणाल्या, “बाबांना हे माहीत होतं.”

मला वाटतं, गाठ तिथे सुटली. भावापेक्षा घरातल्या मौनाने त्यांना जास्त पोखरलं होतं. माणूस एकटा अडकत नाही, घर अडकतं, आणि गप्प राहणारा बहुधा कुणाला तरी जपत असतो. पुढच्या वेळी वडिलांनाही बोलावलं. “तुझी झोप उडेल म्हणून नाही सांगितलं,” ते म्हणाले. “तशीही कुठे लागत होती, बाबा?”

एफआयआर म्हणजे फिर्यादीचं म्हणणं. आरोपपत्र, साक्षीपुरावे पुढे असतात, मधे कलमवाढही होते. जेलमधल्या पहिल्या मुलाखतीत, म्हणजे भेटीत, “का केलंस?” असं विचारू नका. वेळ थोडा असतो, आजूबाजूला माणसं असतात, आणि घटनेबद्दल त्याने आधी वकिलाशी बोलावं. तब्येत, औषधं, वकिलाचं नाव विचारा, आणि पुढची तारीख त्याला ठाऊक आहे का, तेही.