पहिलं पान सर्वांत शेवटी आखा

प्रश्न : आम्ही सासू-सुना आगळ, कोकम, कुळथाचं पीठ, मालवणी मसाला, फणसपोळी घरी करून विकतो. मुलाने ओळखीतल्या एकाकडून वेबसाइट करून घेतली. उघडताच समुद्राचे मोठे फोटो सरकत राहतात, खाली आमच्या घराची गोष्ट येते. बघणारे कौतुक करतात, पण माल कार्टमध्ये टाकून निघून जातात. नाहीतर फोन करून तेच तेच विचारतात. पानांची मांडणी बदलावी का?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : ताई, जरूर बदला, आणि सुरुवात आगळाच्या पानापासून करा. मुख्य पानाला सध्या हात लावू नका. व्हॉट्सॲपवर कुणीतरी पाठवलेल्या लिंकवरून येणारं गिऱ्हाईक थेट आगळाच्याच पानावर उतरतं. समुद्र त्याच्या नजरेला पडतच नाही. त्याला घ्यायचं की नाही, हे त्या एका पानावरच ठरतं.

ते पान कसं आखायचं, हे तुमच्या फोनवर रोज कुणीतरी सांगतंच आहे. फोनशेजारी वही ठेवा आणि येणारे प्रश्न गिऱ्हाइकाच्याच शब्दांत उतरवून घ्या. "आगळ म्हणजे सरबतच ना?" हा प्रश्न कोकणाबाहेरून हमखास येत असणार. मग बाटलीच्या फोटोखाली, नावाला लागूनच लिहा : 'मीठ घातलेला कोकमाचा रस. साखर नाही. सोलकढीसाठी.' त्याखाली एका नारळाच्या दुधाला किती आगळ लागतं, ते सासूबाईंच्या मापाने. उघडल्यावर किती टिकतं, फ्रीजमध्ये ठेवायचं का, हे त्यानंतर. घराची गोष्ट मला मनापासून आवडली, तिला वेगळं पान द्या. किंमत शोधणाऱ्याच्या वाटेत ती नको.

फोटो तीनच पुरेत. हातात धरलेली बाटली, म्हणजे आकार कळतो. पांढऱ्या वाटीत ओतलेलं आगळ, म्हणजे रंग कळतो. आणि मागचं लेबल, वाचता येईल इतकं स्पष्ट. निव्वळ वजन किंवा माप, एमआरपी, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा परवान्याचा) १४ अंकी क्रमांक फोटोवर न सोडता पानावर अक्षरांतही लिहा.

आता कार्टबद्दल. तुमच्या लिंकवरून मी मोबाइलवर एक बाटली मागवायला घेतली. नाव, ईमेल, पासवर्ड असं सगळं भरून झाल्यावर कुरिअरचा खर्च दिसला. माणसं इथेच परत फिरत असणार. काचेची भरलेली बाटली नागपूरला पाठवायला खर्च येतोच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. किमतीच्या लगेच खाली पिनकोडची चौकट ठेवा. सहा आकडे टाकले की खर्च आणि पोचायला लागणारे दिवस तिथेच दिसू देत. दोन बाटल्यांना खर्च फारसा वाढत नसेल तर तेही तिथेच सांगा. पासवर्ड मागणं काढून टाका. मोबाइल नंबर, पिनकोड, पत्ता आणि यूपीआय एवढ्यावर ऑर्डर झाली पाहिजे.

तुमच्या थीममध्ये, म्हणजे वेबसाइटच्या तयार साच्यात, 'फक्त २ शिल्लक' अशी लुकलुकणारी पाटी आहे आणि 'गिफ्ट पॅकिंग'वर आधीच टिक केलेली आहे. दोन्ही आजच काढा. ग्राहकाच्या वतीने आधीच टिक करून ठेवायला २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत मनाई आहे, आणि खोटी घाई दाखवणं २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार फसवी युक्ती ठरतं. घरात खरंच दोनच बाटल्या उरल्या असतील, तर ते साध्या अक्षरांत जरूर लिहा.

हे सगळं डेव्हलपरला तोंडी सांगू नका. पाठकोऱ्या कागदाच्या मोबाइलच्या रुंदीच्या उभ्या पट्ट्या कापा, एकीवर आगळाचं पान पेन्सिलने काढा आणि ती शेजारणीच्या हातात द्या. "पुण्याला एक बाटली पाठव बघू," एवढंच म्हणा आणि तिचं बोट कुठे अडतं ते बघा. तिथे खोडा, पुन्हा काढा. हे पान जमलं की बाकीच्या मालाची पाने त्याच साच्यात बसतील. मुख्य पानावर मग मालाचे फोटो, किमती आणि फोन नंबर एवढंच लागेल.

प्रश्न : हातमागाच्या पैठण्या विकतो. विभाग विणकरांच्या नावाने पाडावेत का? स्वस्त यंत्रमागाच्या साड्यांपुढे आमची किंमत बघूनच लोक पान बंद करतात.
– एक वाचक, येवला

उत्तर : विणकराचं नाव साडीच्या पानावर अभिमानाने द्या, पण विभाग किंमत, रंग आणि काठ यांवरून पाडा, नारळी काठ शोधणाऱ्याला विणकराचं नाव माहीत नसतं. किमतीचं उत्तर तुमच्याच पदराच्या मागच्या बाजूला आहे. हातमागावर विणलेला मोर उलट बाजूनेही जवळजवळ तसाच स्वच्छ दिसतो, यंत्रमागाच्या पदरामागे बहुधा मोकळ्या धाग्यांचे पट्टे असतात. सध्या तुमच्या पानावर उलट बाजूचा एकही फोटो नाही. तो दुसऱ्या क्रमांकावर, किमतीच्या आधी येऊ द्या, आणि बोटाने मोठा करून धागे दिसतील इतका जवळून काढा.