एसीएलसाठी हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट घ्यावा की घोट्याजवळचा?

तुमचा भाऊ २२ वर्षांचा, कळव्यात कबड्डी खेळतो, गुडघ्यातलं एसीएल, म्हणजे मांडीचं हाड नडगीला बांधणारं लिगामेंट, पूर्ण तुटलंय. ठाण्यातले डॉक्टर हॅमस्ट्रिंगचा (मांडीच्या मागच्या स्नायूंचा) ग्राफ्ट म्हणतात, वाशीतले पेरोनियस लाँगसचा (घोट्याच्या बाहेरून पावलात जाणाऱ्या स्नायूचा). ऐकायचं कुणाचं?

मी फिजिओथेरपिस्ट. ऑपरेशन करत नाही, पण ऑपरेशन झालेले गुडघे रोज हाताखालून जातात. दोघंही डॉक्टर बरोबर असू शकतात. गुडघ्यात तुटलेल्याच्या जागी नवी दोरी, म्हणजेच ग्राफ्ट, बसवायची तर बहुतेक वेळा शरीरातलीच दुसरीकडची काढावी लागते. तेव्हा कुठली गेली तर याच्या खेळाचं अडणार नाही, ते बघा.

हॅमस्ट्रिंग आपल्याकडे सर्रास वापरतात. पण पकडीत सापडलेला रेडर मध्यरेषेकडे अंग ओढतो त्यात याच स्नायूंचा मोठा वाटा, आणि नडगी पुढे सरकू न देण्यात ते एसीएलचे मदतनीस. पेशंटला पालथं झोपवून टाच कुल्ल्याकडे आणायला सांगते, तेव्हा शेवटच्या वितीला पाय थरथरतो, काहींचा वर्षानंतरही. शिवाय कुणाची दोरी बारीक निघते. ८ मिलिमीटरपेक्षा कमी जाडीचा ग्राफ्ट पुन्हा तुटायचा धोका जास्त. बारीक निघाली तर पुढे काय, हे सर्जनना आधीच विचारून ठेवा.

पेरोनियस बहुधा चांगली जाड मिळते आणि मांडी शाबूत राहते. किंमत घोटा मोजतो: पाऊल बाहेर वळवायची ताकद थोडी कमी होऊ शकते.

या दोन्हींखेरीज, गुडघ्याच्या वाटीखालच्या ग्राफ्टला दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे असतात, त्यामुळे तो लवकर धरतो. मात्र नंतर गुडघा टेकताना दुखू शकतं, आणि कबड्डीत गुडघा मॅटवर आपटतोच. वाटीच्या वरचा, क्वाड्रिसेप्सचा (मांडीच्या पुढच्या स्नायूचा), हाही चांगला पर्याय. तुमचे सर्जन नेहमी करत असतील तरच. मृत दात्याचा मात्र या वयात नको, तरुण खेळाडूंत तो जास्त तुटतो.

ग्राफ्ट कुठलाही घ्या, पहिले काही महिने तो आतून कच्चाच असतो. नेमकं तेव्हाच दुखणं थांबतं आणि पोरं 'जरा हात लावून येतो' म्हणत मॅटवर उतरतात. नऊ महिन्यांच्या आत रेड नाही, आणि त्यानंतरही दोन्ही पायांची ताकद मोजूनच.

माझं मत विचाराल तर, त्याच पायाचा घोटा पूर्वी मुरगळलेला नसेल आणि वाशीच्या डॉक्टरांचा पेरोनियसवर हात बसलेला असेल, तर तो घ्या. घोटा वारंवार मुरगळत असेल तर ठाण्यातल्या डॉक्टरांचं ऐका.