दंड भरून मोकळं होता येतं का?

प्रश्न : मी २९ वर्षांचा, पुण्यात आयटीत नोकरीला. गेल्या जुलैत गावी जाताना शिरवळच्या पुढे, भर पावसात, सेवा रस्त्यावरून एकदम आत आलेल्या दुचाकीला माझ्या गाडीची धडक बसली. दुचाकीवरच्या काकांच्या पायाचं हाड मोडलं. मीच त्यांना दवाखान्यात नेलं, तरी त्यांच्या भावाने त्याच दिवशी फिर्याद दिली. आता समन्स आलंय. त्यात भारतीय न्याय संहितेची कलमं २८१ आणि १२५(ब), शिवाय मोटार वाहन कायद्याचं १८४ आहे. कोर्टाबाहेर भेटलेला एक जण म्हणतो, 'गुन्हा कबूल करा, हजार रुपये भरा, तासाभरात मोकळे.' कंपनी मला जर्मनीला पाठवणार आहे आणि पासपोर्टचं नूतनीकरण बाकी आहे. कबूल करून टाकू का? त्या रात्री मी त्यांच्या भावाला 'माफ करा, माझं चुकलं' असा व्हॉट्सॲप मेसेज केला होता. तो पुसू का?

उत्तर : आधी मेसेजचं. पुसू नका. तो भावाच्या फोनमध्ये आहेच, तुमच्याकडून गेला तर फक्त तुमची नियत संशयास्पद ठरेल. माणूस रस्त्यावर विव्हळत असताना कोणीही 'चुकलं' म्हणतं. तो शब्द म्हणजे हयगयीची कबुली नव्हे, हे तुमचे वकील उलटतपासात मांडतील. मात्र यापुढे त्या कुटुंबाला अपघाताबद्दल एक अक्षरही लिहू नका. तब्येतीची चौकशी करायची तर घरातल्या वडीलधाऱ्यांनी करावी.

आता त्या हजार रुपयांबद्दल. सांगणाऱ्याने तुम्हाला फक्त कलम २८१ सांगितलं. भरधाव किंवा हयगयीने गाडी चालवण्याचं ते कलम. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण १२५(ब) हे गंभीर दुखापतीचं आहे आणि हाड मोडणं कायद्याच्या व्याख्येतच गंभीर दुखापत आहे. तिथे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १८४ खाली पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही. दोषी ठरवल्यावर वाहन परवाना काही काळ रद्द ठेवायचा अधिकारही कोर्टाला आहे. प्रत्यक्षात बरेचदा दंडावर भागतं, हे मी नाकारत नाही. पण कोर्ट दंडच करील याची हमी तो माणूस देऊ शकत नाही, आणि मीही नाही.

सिग्नल तोडल्याचं ई-चलान भरतो तसं हे नाही, हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. चलान तडजोडीने मिटतं. कोर्टात 'कबूल आहे' म्हटलं की दोषसिद्धी होते आणि मग अपील फक्त शिक्षा किती नि कायदेशीर का, एवढ्यापुरतं उरतं. पुढे एखाद्या अर्जात 'कधी दोषी ठरला आहात का' असा रकाना आला, तर 'होय' लिहावं लागेल. त्या काकांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागितली, तर तुमची कबुली पहिल्या पानावर लावली जाईल.

पासपोर्टच्या बाबतीत गंमत उलटी आहे, आणि म्हणूनच लोक घाईने कबुली देतात. दोन वर्षांहून कमी शिक्षा झालेल्या अशा गुन्ह्यावरून सहसा पासपोर्ट नाकारला जात नाही. अडतो तो खटला प्रलंबित असला की. पण त्यालाही वाट आहे. २५ ऑगस्ट १९९३ ची केंद्राची अधिसूचना अशांसाठीच आहे. खटला चालवणाऱ्या कोर्टाकडे परदेशी जाण्याची परवानगी मागायची आणि तो आदेश पासपोर्ट कार्यालयात द्यायचा. आदेशात किती काळासाठी परवानगी हे लिहून घ्या, त्यावर पासपोर्टची मुदत ठरते. कंपनीचं पत्र जोडा. पहिल्याच समन्सला हजर राहिलात, तर त्याचं वजन इथे पडतं.

खटला लढायचा तर काय हाती आहे? सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश या १९९८ च्या निकालात म्हटलंय की गाडी 'जोरात' होती एवढ्याने हयगय सिद्ध होत नाही. जोरात म्हणजे किती, रस्ता कसा, समोर काय होतं, हे फिर्यादी पक्षाने दाखवावं लागतं. म्हणून दोषारोपपत्राची प्रत मिळाली की घटनास्थळ पंचनामा आणि नकाशा तुम्ही स्वतः वाचा. वकील तिथे नव्हते, तुम्ही होता. टायरच्या खुणा कुठे, सेवा रस्त्याचा फाटा किती अंतरावर, गाड्या कुठे थांबल्या. पंच घटनेनंतर आले आणि नकाशात फाटाच नाही, असंही दिसतं. मोटार वाहन निरीक्षकाचा अहवाल पाहा, ब्रेक ठीक होते का. हाड मोडल्याचा एक्स-रे आणि तो वाचणारे डॉक्टर साक्षीदारांच्या यादीत आहेत का, हेही पाहा. आहे तो कागद तुमच्या बाजूचा निघेल असं नाही. विरुद्ध जाणारा असला, तर तेही आधीच कळलेलं बरं.

१८४ बाबत एक तांत्रिक मुद्दा वकिलांना आवर्जून विचारा. मोटार वाहन कायद्याचंच कलम २०९ म्हणतं, या गुन्ह्यात चालकाला त्याच वेळी कारवाईची ताकीद दिलेली असावी, किंवा १४ दिवसांत नोटीस पाठवलेली असावी, किंवा २८ दिवसांत समन्स मिळालेलं असावं. तुमचं समन्स महिन्यांनी आलं, तेव्हा आधीच्या दोनपैकी काही झालं होतं का, ते शोधा. अपवाद आहेत आणि हे २८१ ला लागू नाही, पण एक कलम गळलं तरी वजन कमी होतं.

आणि तडजोड. १२५(ब) कोर्टाच्या परवानगीने मिटवता येतं, फक्त ती काकांनी स्वतः करायची. फिर्यादी भाऊ असला तरी त्याचा अधिकार नाही. परवानगी मिळाली तर त्या कलमातून निर्दोष सुटका होते. २८१ आणि १८४ मात्र दोघांच्या संमतीने मिटत नाहीत. ते रद्द करायला उच्च न्यायालयात जावं लागतं आणि ते होईलच असं नाही. शिरवळ सातारा जिल्ह्यात येतं आणि त्या जिल्ह्याकरता १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे शाखा, सुरू झालं, त्यामुळे मुंबईचे हेलपाटे तरी वाचतात. रोख पैसे हातात देऊन 'मिटलं' म्हणू नका. विमा कंपनीला पत्र आणि पॉलिसीची प्रत आजच द्या. भरपाईचा भाग त्यांनी बघायचा आहे. तडजोडीच्या कागदात 'माझ्या हयगयीमुळे' हे शब्द येऊ देऊ नका, विमा कंपनी त्यावरच भांडते.

तारखेला अकराच्या आत पोहोचा. समन्सची, परवान्याची, विम्याची प्रत आणि आधार, त्यांच्या दोन-दोन झेरॉक्स, शिवाय जामिनासाठी एक माणूस सोबत असू द्या. हे जामीनपात्र गुन्हे आहेत, घाबरू नका. गैरहजर राहिलात तर मात्र वॉरंट निघतं. वकीलपत्र तोवर झालं नसेल तर स्वतः उभे राहून मुदत मागा. 'गुन्हा कबूल आहे का' असं विचारलं तर आवाज न चढवता 'नाही' म्हणा आणि थांबा. त्यापुढे काहीच समजावून सांगायला जाऊ नका.